चौदांतले आठ

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम ओळखलं जातं ते विवेकानंद आश्रमामुळे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमात दर हिवाळ्यात विवेकानंद जयंतीचा महोत्सव भरतो. मोकळ्या रानात पंगतीच्या पंगती बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. ज्या संन्याशाच्या नावाने हा मेळा जमतो, त्याने १८९७ साली मद्रासच्या भाषणात तरुणांना आधी अंगात बळ आणायला सांगितलं आणि त्यासाठी नाव घेतलं ते फुटबॉलचं. ते ज्या कलकत्त्यात वाढले तिथे या खेळाचं वारं तेव्हा जोरात होतं. १८९२ साली ट्रेड्स कप स्पर्धेत शोभाबाजार क्लबच्या देशी पोरांनी ईस्ट सरे रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांना हरवलं होतं.

हिवरा आश्रम गावातल्या एखाद्या शाळकरी मुलाला फुटबॉलचं वेड लागलं, तर त्याने आपला म्हणावा असा संघ कुठे शोधायचा? बार्सिलोना आणि मँचेस्टर हातातल्या मोबाइलवर आहेतच. पण ज्याच्यासाठी मराठीत भांडता येईल, ज्याचा सामना एसटीने जाऊन पाहता येईल, जो खालून वर चढताना आपणही चार पायऱ्या चढल्यासारखं वाटेल, असा संघ?

२००९ साली या प्रश्नाला एक सोडून आठ उत्तरं होती.

त्या वर्षी सुरू झालेल्या आय-लीगच्या मोसमात, म्हणजे तेव्हाच्या भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, चौदा संघ होते. एअर इंडिया, महिंद्रा युनायटेड, मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे चार महाराष्ट्रातले. डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे चार गोव्यातले. चौदांतले आठ. कलकत्त्याला भारतीय फुटबॉलची राजधानी म्हणण्याची सवय आपल्याला आहे, पण त्या मोसमात तिथले तीनच संघ होते. आणि या आठांपैकी तीन संघ नुकतेच दुसऱ्या श्रेणीतून वर आले होते: २००८ साली मुंबई एफसी, २००९ साली साळगावकर आणि पुणे एफसी.

वर येण्याची ही पद्धत मूळची इंग्लंडची. तिथल्या फुटबॉल लीगने १८९२ साली दुसरी श्रेणी काढली. पहिली काही वर्षं वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले वरचे संघ यांच्यात खास कसोटी सामने खेळवून कोण वर आणि कोण खाली हे ठरवत. १८९८ साली ते सामने बंद झाले. मग साधा नियम झाला: तळाचे दोन खाली, खालचे पहिले दोन वर. हा नियम जगभर पसरला आणि त्याने चाहत्याचं मन घडवलं. बढती मिळालेल्या संघाच्या चाहत्याला पहिल्या वर्षी काय हवं असतं? टिकून राहणं. इंग्लंडमध्ये त्याचा ठोकताळा चाळीस गुणांचा आहे. तेवढे झाले की जीव भांड्यात पडतो. २००७-०८ साली बढती मिळालेल्या डर्बी काउंटीने अडतीस सामन्यांत एकच जिंकला आणि अवघ्या अकरा गुणांवर तो परत खाली गेला. पण याच नियमाने वेड्या आशेलाही जागा ठेवली. इप्सविच टाउन १९६१ साली पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीत आला आणि १९६२ साली विजेता झाला. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ साली वर आला आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरला. जर्मनीत कैसरस्लाउटर्नने १९९८ साली हेच केलं. म्हणून बढतीनंतरच्या उन्हाळ्यात चाहता एका डोळ्याने तळाकडे बघतो आणि दुसऱ्याने शिखराकडे.

या सगळ्या आशा-निराशेच्या बुडाशी एक गोष्ट इतकी पक्की असते, की तिचा कोणी उच्चारही करत नाही. पुढच्या मोसमात आपला क्लब असेल. कदाचित खालच्या श्रेणीत असेल, कदाचित कर्जात असेल, पण असेल. आणि त्याच्या डोक्यावरची शिडीही जागची हलणार नाही. आपल्याकडच्या आठ संघांची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करावी लागते, कारण नेमकी हीच खात्री आपल्याकडच्या चाहत्याला कधी मिळाली नाही.

मुंबईत फुटबॉल फार जुना. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, हारवुड लीगही शंभरी पार केलेली. पण या शहरातले गाजलेले संघ बहुतेक कंपन्यांचे होते: टाटा स्पोर्ट्स, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, रेल्वे, पुढे एअर इंडिया आणि ओएनजीसी. खेळाडूला नोकरी मिळे, घर चाले, संध्याकाळी सरावाला सुटी मिळे. ज्या काळात खेळातून पैसा मिळत नव्हता, त्या काळात कितीतरी कामगारवस्त्यांतल्या पोरांना या संघांनी उभं केलं, हे विसरून चालणार नाही. मात्र कंपनीचा संघ हा कंपनीच्या ताळेबंदातला एक खर्च असतो. ऑर्के गेला, मफतलाल गेला. तो संघ गेला म्हणून एखादी वस्ती त्याला पुन्हा उभा करू शकली नाही, कारण तो कधी वस्तीचा नव्हताच.

राष्ट्रीय पातळीवर श्रेणींची शिडी तशी उशिराच उभी राहिली. डिसेंबर १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि फगवाड्याची जेसीटी मिल्स पहिली विजेती ठरली. पाठोपाठ दुसरी श्रेणी आली. २००७ साली या स्पर्धेचं नाव आय-लीग झालं. पहिल्या आय-लीगमध्ये दहा संघ होते, मग बारा, मग चौदा. संख्या वाढत होती, वरचं दार उघडं होतं. या वाढीच्या काळातच पुणे एफसी जन्माला आला.

अशोक पिरामल समूहाने २००७ साली हा क्लब काढला. तो कोणत्याही कारखान्याच्या कामगारांचा संघ नव्हता. शहराचं नाव लावून, व्यावसायिक क्लब म्हणूनच तो सुरू झाला. २००८ साली दुसऱ्या श्रेणीत तो खेळला, पण बढती हुकली. २००९ साली साळगावकर, विवा केरळ आणि शिलाँग लाजोंग यांच्यासह तो वर आला. वरच्या श्रेणीत प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. एकेकाळचे भारतीय संघाचे बचावपटू, साळगावकरचे खेळाडू आणि २००५-०६ साली महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून देणारे प्रशिक्षक. म्हणजे मुंबईच्या कंपनी-फुटबॉलमध्ये मिळवलेलं शहाणपण पुण्याच्या या नव्या क्लबात आलं होतं.

पुण्यात फुटबॉल होता, पण तो ज्या पुण्याला बाकीचा महाराष्ट्र ओळखतो त्या पुण्यात नव्हता. सदाशिव आणि नारायण पेठेत क्रिकेटच्या गप्पा चालत. फुटबॉल होता तो कॅम्पात, घोरपडीत, खडकीत, लष्करी वस्त्यांच्या आणि मिशनरी शाळांच्या आसपास. जिल्हा संघटनेचे साखळी सामने ढोबरवाडीच्या मैदानावर होत आणि डेक्कन इलेव्हनसारखे जुने क्लब तिथे खेळत. नव्या क्लबाचं घर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, बालेवाडीला ठरलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं शिवछत्रपती क्रीडा संकुल मोठं आणि देखणं आहे, पण तिथे मैदान आणि प्रेक्षक यांच्या मध्ये धावपट्टी आहे आणि संकुल मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आहे. घोरपडीतून निघालेल्या पोराला सामना पाहायचा तर अख्खं शहर ओलांडावं लागे. हे अंतर नकाशावरचं तर होतंच, पण क्लब आणि त्याचे हाडाचे चाहते यांच्यामधलंही ते पहिलं अंतर होतं. ते मिटवायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं पुणे एफसीला मिळाली नाहीत.

आणि तरीही पहिलं वर्ष किती सुंदर गेलं! २००९-१० च्या मोसमात डेंपो पहिला, चर्चिल दुसरा आणि नुकताच वर आलेला पुणे एफसी तिसरा. ईस्ट बंगाल, मोहन बागान, जेसीटी, महिंद्रा हे सगळे मागे राहिले. गोलात सुब्रत पाल होता, तोच सुब्रत जो जानेवारी २०११ मध्ये दोह्यातल्या आशियाई चषकात दक्षिण कोरियापुढे एकटा लढला. चार गोल झाले, पण त्याने अडवलेल्या फटक्यांमुळे परदेशी पत्रकारांनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं. आघाडीला मिझोरामचा कोवळा जेजे लालपेखलुआ होता, जो पुढे भारताच्या महत्त्वाच्या गोलकर्त्यांपैकी एक झाला. मधल्या फळीत अराता इझुमी होता. जपानमध्ये जन्मलेला, वडिलांकडून भारतीय वंशाचा हा खेळाडू पुण्याकडून खेळता खेळता इथलाच झाला. २०१२ साली त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि पुढच्या वर्षी तो भारताकडून खेळला. एखाद्या क्लबावर माणसाने किती विश्वास टाकावा, याचं याहून मोठं उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये शोधून सापडणं अवघड आहे.

पहिल्या वर्षी तिसरा आलेला संघ चाहत्याला दुसऱ्या वर्षी स्वस्थ बसू देत नाही. टिकून राहण्याची चिंता संपते आणि विजेतेपदाची भूक लागते. ही भूक दोन मोसम भागली नाही. २०१०-११ आणि २०११-१२ मध्ये पहिल्या तिघांत पुणे नव्हता. मग २०१२-१३ साली तो थेट शेवटपर्यंत शर्यतीत राहिला. दक्षिण सुदानचा जेम्स मोगा गोल करत होता. चर्चिल ब्रदर्सचे ५५ गुण झाले, पुण्याचे ५२. एका विजयाचं अंतर. दुसऱ्या श्रेणीतून आल्याला चार वर्षं झाली होती आणि देशाचा चषक तीन गुणांवर येऊन थांबला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या जोरावर २०१४ साली पुणे एफसी आशियाई क्लबांच्या एएफसी चषकात उतरला. हाँगकाँगचा किची, सिंगापूरचा टॅम्पिनीज रोव्हर्स, म्यानमारचा ने प्यी ताव असे परदेशी संघ बालेवाडीत खेळायला आले. पुण्यातल्या मैदानावर क्लब फुटबॉलमधला आशिया उतरला होता.

एका वर्षाने, २०१५ साली, पुणे एफसीचा मुख्य संघ बंद झाला.

या निर्णयात कोणाचं किती चुकलं याचा हिशोब मांडता येईल, पण पुण्याच्या चाहत्यापुरती गोष्ट त्याहून मोठी आहे, कारण ती एकाच क्लबापाशी थांबली नाही. २०१४-१५ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी थेट आय-लीगमध्ये आला, बालेवाडीतच खेळला आणि एका मोसमानंतर बंद झाला. २०१५ साली डीएसके शिवाजियन्सला थेट प्रवेश मिळाला. दोन मोसमांनी, २०१७ साली तोही बाहेर पडला. इंडियन सुपर लीग या वेगळ्या साखळीतला एफसी पुणे सिटी २०१४ पासून खेळत होता, त्याचा कारभार २०१९ साली आटोपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मराठी नोकरदार माणसाच्या घरात बढती आणि बदली हे शब्द जोडीनेच येतात. पुण्याच्या फुटबॉलने मात्र चार वर्षांत वरच्या पातळीवरचे चार संघ गमावले. २०१५ साली जो दहा वर्षांचा मुलगा बालेवाडीच्या पायऱ्यांवर बसून एखाद्या संघाच्या नावाने ओरडत होता, तो चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे ओरडायला एकही नाव उरलं नव्हतं.

२००९ साली पुण्याबरोबर वर आलेल्या साळगावकरचं काय झालं? वास्कोचा हा जुना क्लब १९९८-९९ चा राष्ट्रीय विजेता. पहिल्या आय-लीगमध्ये तो खाली घसरला, २००९ साली परतला आणि दुसऱ्याच मोसमात, २०१०-११ साली, करीम बेंचरिफाच्या मार्गदर्शनाखाली देशाचा विजेता झाला. इप्सविच आणि कैसरस्लाउटर्नची नावं आपण घेतो. घरच्या अंगणातलं हे उदाहरण मात्र मराठी क्रीडापानांवर जेवढं मिरवायला हवं होतं तेवढं कधी मिरवलं गेलं नाही.

मुंबई एफसीची तऱ्हा वेगळी. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली हा क्लब २००८ साली दुसऱ्या श्रेणीचा विजेता म्हणून वर आला. २००९ पासून त्याची सूत्रं खालिद जमीलकडे आली आणि पुढची सातेक वर्षं या संघाचं एकच व्रत होतं: टिकायचं. थोडक्या पैशांत संघ बांधायचा, घट्ट बचाव करायचा, मोसमाच्या शेवटी तळापासून एक-दोन पायऱ्या वर राहायचं. कूपरेजच्या मैदानाचं काम सुरू असताना या संघाचे काही मोसमांतले घरचे सामनेही पुण्याला बालेवाडीत झाले. चाहता अंधेरीचा, घरचं मैदान दीडशे किलोमीटरवर. तरी तो जात होता. टिकून राहण्यातही एक अभिमान असतो आणि मुंबई एफसीच्या पिवळ्या जर्सीने तो अभिमान वर्षानुवर्षं वागवला.

२०१६ साली खालिद जमीलला मुंबई एफसीने सोडलं. तो मिझोरामला गेला, ऐजॉल एफसीकडे. ऐजॉल २०१५ साली बढती मिळवून वर आलेला आणि पहिल्याच मोसमात घसरलेला संघ. वरच्या श्रेणीत जागा रिकाम्या झाल्या म्हणून त्याला परत बोलावण्यात आलं होतं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ अशी बरोबरी साधून याच ऐजॉलने आय-लीग जिंकली. ईशान्येकडचा हा पहिला राष्ट्रीय विजेता. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरला. त्यानंतर वरच्या श्रेणीत तो पुन्हा कधी दिसला नाही. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.

ऐजॉलसाठी त्या जागा कोणी रिकाम्या केल्या, हे सांगायला पुन्हा गोव्याला जावं लागतं. मांडवीच्या काठावरच्या डेंपो उद्योगघराण्याचं नाव मराठी वाचकाला 'नवप्रभा' या दैनिकामुळेही ओळखीचं आहे. त्यांच्या क्लबाने पाच वेळा देश जिंकला: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही घरची पोरं आणि आघाडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २००८ साली एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत डेंपो गेला. गोव्याच्या गावागावांत, चर्चच्या मैदानांपासून देवळांसमोरच्या मोकळ्या जागांपर्यंत, या संघाची माणसं ओळखीची होती.

२०१४-१५ च्या मोसमात डेंपो अकरा संघांत दहावा आला. त्याच्याही खाली अकरावा होता पुण्याचा भारत एफसी. पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघाला घसरणीपासून सूट होती. म्हणून शेवटचा संघ राहिला आणि दहावा खाली गेला. पाच वेळचा विजेता ज्याच्यासाठी घसरला, तो संघ त्याच वर्षी बंद पडला. इतकं होऊनही डेंपोने पाठ फिरवली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत उतरून, जिथे पेठा-वस्त्यांचे छोटे संघ खेळतात तिथे घाम गाळून, २०१५-१६ ची दुसरी श्रेणी जिंकली आणि बढती मिळवली. गोव्यात त्या वेळी चाहत्यांची अपेक्षा अगदी साधी होती: वर्षभराचा वनवास संपला, आता घरी.

पण २०१६ साली भारतीय फुटबॉल महासंघाने पुढचा आराखडा मांडला. त्यात २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही सर्वोच्च श्रेणी होणार होती आणि आय-लीग तिच्या खालची. सुपर लीगमध्ये तेव्हा ना बढती होती, ना घसरण. जागा मैदानावर जिंकून मिळत नव्हती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि नुकताच वर आलेला डेंपो, तिघांनीही आय-लीगमधून माघार घेतली. बढती मिळालेला क्लब त्या बढतीचा एकही सामना न खेळता बाहेर पडला. वर चढणाऱ्याला वर काय आहे हे आधी माहीत असलं पाहिजे, एवढंच या क्लबांचं म्हणणं होतं आणि ते रास्त होतं. त्याची किंमत मात्र मडगावच्या फातोर्डा मैदानाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाने मोजली.

एव्हाना चौदांतल्या आठांचा पट पुरता उधळला होता. महिंद्रा युनायटेड २००९-१० चा मोसम संपताच बंद झाला. समूहाने शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. एअर इंडिया २०१३ साली ओएनजीसीसह बाहेर गेला, कारण आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी त्यांना पूर्ण करता आल्या नाहीत. मैदानावर ते हरले म्हणून नव्हे. चर्चिल ब्रदर्सने जानेवारी २०१४ मध्ये फेडरेशन कप जिंकला आणि त्याच मोसमात तो लीगमधून घसरला. गोव्याच्या इतर तीन क्लबांनी माघार घेतल्यावर तो परतला. पुढे मुंबईच्या केंकरे एफसीने २०२१-२२ मध्ये आय-लीगपर्यंत मजल मारली आणि २०२३ साली तोही पायउतार झाला.

या सगळ्या पडझडीत महाराष्ट्रात एक गाव असं आहे, जिथे चाहत्याच्या पायाखालची जमीन कधी सरकली नाही. कोल्हापूर. तिथले संघ कोणत्या समूहाने काढलेले नाहीत. ते तालमींतून आले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीत कुस्ती केली, त्याच तालमीच्या नावाने नातू फुटबॉल खेळतो. राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला मल्लविद्येचं वेड लावलं, छत्रपती घराण्याने पुढे फुटबॉललाही आधार दिला आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली शाहू स्टेडियमवर साखळी उभी राहिली. पाटाकडील आणि खंडोबाचा सामना असला की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवर आदल्या दिवसापासून दुसरा विषय नसतो. या चढाओढीला तिथे 'इर्षा' म्हणतात. ती कधीकधी हाताबाहेर जाते, हाणामाऱ्या होतात, स्पर्धा थांबतात, आणि त्याचं समर्थन करता येणार नाही. पण इर्षा कशाची आहे बघा. ती पेठेची आहे. पेठेला कोणी विकत घेऊ शकत नाही, बंद करू शकत नाही आणि दुसऱ्या शहराला हलवू शकत नाही.

कोल्हापूरच्या साखळीतही खालच्या गटातून वर जाणं आणि घसरणं आहे. संघ घसरला तर पेठ वर्षभर मान खाली घालते आणि पुढच्या मोसमाची वाट बघते. ही वाट बघता येणं हाच सगळा मुद्दा आहे. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. कोल्हापूरच्या एकाही तालमीचा संघ राष्ट्रीय लीगच्या वरच्या श्रेणीत पोहोचला नाही, आणि त्याला पैसा, मैदान, परवाने अशी खरीखुरी कारणं आहेत. तरी महाराष्ट्राला पुन्हा एखादा क्लब वर न्यायचा असेल, तर बालेवाडीच्या आधी शाहू स्टेडियमच्या भिंतीवर दाटीवाटीने बसलेल्या माणसांचं म्हणणं ऐकायला हवं.

इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन नावाने स्वतःचा क्लब काढला, खूप खालच्या साखळीपासून सुरुवात केली आणि २०११ साली तो फुटबॉल लीगमध्ये आणला. पुण्यातल्या चाहत्यांना असं का करता आलं नाही, असं कोणी विचारेल. विम्बल्डनच्या पोरांना तळापासून शिखरापर्यंत एक सलग शिडी मिळाली होती. पुण्याच्या पोरांसमोर २०१५ साली ती शिडीच मोडत होती.

इंडियन सुपर लीगचं दार खालच्यांसाठी उघडलं ते २०२३ साली. आय-लीग जिंकून पंजाबचा राउंडग्लास हा पहिला संघ वर गेला, पुढच्या वर्षी कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. आणि २०२४ साली डेंपो पुन्हा खालून वर आला. दुसऱ्या क्रमांकाने बढती मिळवून तो २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होता समीर नाईक, विजेत्या डेंपोच्या बचावफळीतला. त्याच्या खेळाडूंपैकी कित्येकांनी तो डेंपो मैदानात पाहिलेलाही नसेल. जी लीग समीरने खेळाडू म्हणून जिंकली होती, तिचं नाव तेच राहिलं होतं. फक्त आता ती दुसरी श्रेणी झाली होती. २०१६ साली जिथे घर होतं, तिथे २०२४ साली अंगण होतं.

त्या मोसमाच्या शेवटी गोव्याच्या आशा दुसऱ्या संघावर होत्या. चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण, वाराणसीच्या इंटर काशीचे ३९. इंटर काशीच्या नामधारी एफसीविरुद्धच्या एका सामन्याच्या गुणांचा वाद समित्यांपुढे गेला. एप्रिल २०२५ मध्ये महासंघाने चर्चिलला विजेता ठरवलं आणि गोव्याचा एक क्लब दहा वर्षांच्या पडझडीनंतर स्वतःच्या पायांनी सर्वोच्च श्रेणीत जाणार असं वाटू लागलं. इंटर काशीने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. ११ जुलैला सुपर लीगच्या आयोजकांनी महासंघाशी असलेला करार पुढे चालेल याची खात्री नसल्याने नवा मोसम स्थगित केल्याचं क्लबांना कळवलं. १८ जुलैला लवादाचा निकाल आला. इंटर काशी विजेता ठरला, बढती चर्चिलच्या हातून गेली. त्या दिवशी वाराणसीत बढतीचा आनंद होता आणि मडगावात ती गेल्याचं दुःख. ज्या श्रेणीसाठी हे सगळं झालं, तिचा पहिला सामना कोणत्या तारखेला होणार हे दोन्ही गावांत कोणालाही सांगता येत नव्हतं.